क्लाउड वापरायला शिका : बदलापूर लोकल आवृत्ती

ही मार्गदर्शिका उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या रहिवाशांसाठी आहे. विरारकरांनी आपली वेगळी काढावी.

साहित्य : एक फोन, एक पासवर्ड आणि तो पासवर्ड लक्षात राहणारा घरातला एक माणूस. तिसरी वस्तू दुर्मीळ आहे, आधी तिची सोय लावा.

पायरी पहिली. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, हे मनाशी पक्कं करा. तो बघायचा असेल तर ऐरोली, रबाळे, महापेच्या पट्ट्यात चक्कर मारा. आत कॉम्प्युटरच्या रांगा, चोवीस तास एसी, लाइट गेली तर जनरेटर. (आपल्या सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट चालते, तीही सेक्रेटरी घरी असतील तर.) अ‍ॅमेझॉनने आपला मुंबई विभाग 2016 मध्ये सुरू केला, गूगलने 2017 मध्ये. तरी तुमच्या बारशाचे फोटो तिथेच असतील असं नाही. ते सिंगापूरलाही असतील. कंपनी विचारत नाही.

पायरी दुसरी. काय क्लाउड नाही, तेही ओळखा. एम-इंडिकेटरमधलं टाइमटेबल नेट गेलं तरी उघडतं, कारण ते तुमच्या फोनमध्येच असतं. ‘7.51 कुठे अडकलीय?’ या प्रश्नाला त्यातल्या चॅटवर मिळणारी उत्तरं मात्र दूरच्या सर्व्हरवरून येतात. खरी माहिती हवी असेल तर चॅट बघा.

पायरी तिसरी, फक्त उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांसाठी. दिवाळीत जीन्सचा माल वाढतो म्हणून कोणी नवा गाळा बांधत नाही, दोन महिने भाड्याने घेतो. वेबसाइटचंही तेच : ऑर्डरी वाढल्या की जास्त सर्व्हर घ्यायचे, ओसरल्या की सोडायचे, वापराएवढंच बिल. सोडायला विसरलात तर मीटर चालूच राहतं. हे सांगायला कोणी फोन करत नाही.

पायरी चौथी, आणि खरं तर हिच्यासाठीच बाकीच्या. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी बदलापुरात घुसली. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारेक प्रवासी बाहेर काढावे लागले. असं पाणी कपाटातल्या प्लास्टिकच्या फायलीतही शिरतं. मग मार्कलिस्ट पंख्याखाली वाळत घालायची, वरून इस्त्री फिरवायची; शाई इतकी पसरते की गणिताचे 35 आणि 85 एकसारखे दिसतात. हा एवढा फायदा सोडला तर कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असलेली बरी. 2015 पासूनची ही सरकारी सोय आहे, फुकट आहे, आणि लायसन्स, आरसी बुक, आधार त्यात थेट त्या त्या खात्याकडून येतं. इथेच बहुतेक जण गंडतात. ‘इश्यूड’ विभागातलं आधार किंवा लायसन्स रेल्वेने 2018 मध्ये ओळखपत्र म्हणून मान्य केलं. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेलं मात्र चालत नाही. टीसीशी वाद घालण्याआधी कोणत्या विभागातलं दाखवताय ते बघा.

पायरी पाचवी. गूगलची फुकट जागा 15 जीबी. त्यातच मेल, फोटो, ड्राइव्ह, आणि अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. जागा संपली असा निरोप आला की लगेच पैसे भरू नका. आधी आत्यांचे तीन वर्षांचे ‘शुभ सकाळ’ पुसा. आत्यांना कळवायची गरज नाही.

पायरी शेवटची. ओटीपी कोणालाही सांगू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, पण लक्षात ठेवा, अंबरनाथच्या गर्दीत फोन गेला तर ओटीपीही त्याच फोनवर येणार. म्हणून गूगल खात्यातून बॅकअप कोड घ्या. एका वेळी 10 मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून कपाटात ठेवा. नदीकाठी तळमजल्यावर राहत असाल, तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कपाटात.