हप्ता सरकारने भरावा

गावातलीच बाई शिकवून तयार केली तर बाळं वाचतात, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गावच्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले होते. मग त्याच गावातली मुलगी नर्स होऊन नागपूर का गाठते?

तिचा हिशेब मांडून बघा. ५ लाखांचं शैक्षणिक कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातीत कंत्राटी स्टाफ नर्सचं मानधन २०,००० छापलेलं असतं. उरले ११,७००. त्यात एटापल्लीची खोली, जेवणखाण, आलापल्लीपर्यंतची एसटी आणि घरी धाडायचे पैसे. नोकरीही कंत्राटाची, दर वर्षी नूतनीकरणाची वाट पाहायची. नागपुरात चार पैसे जास्त मिळाले की ती जाणारच. तिला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी आधी तिचं पासबुक बघावं.

२०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींचं शुल्क सरकारने माफ केलं. चांगलं केलं. पण व्यवस्थापन कोट्यातून शिकणारीला ती माफी लागू नाही, आणि आधी शिकून बाहेर पडलेलीचा हप्ता सुरूच आहे. मोठं कर्ज हवं तर बँक साडेसात लाखांच्या पुढे तारण मागते. वनहक्काचा पट्टा वारसाला देता येतो, गहाण टाकता येत नाही. ती तरतूद योग्यच आहे, जमीन तिच्यामुळेच वाचली. मात्र ज्या घरात जमीन म्हणून फक्त असा पट्टा आहे, तिथल्या लेकीने तारण कुठून आणायचं?

चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथून एमबीबीएस होणाऱ्याने वर्षभर सरकारी सेवा द्यायची, नाहीतर १० लाख दंड. दंडाच्या धाकाने माणूस वर्षभर थांबतो. त्यापुढे त्याने का थांबावं, याचं उत्तर त्या बंधपत्रात नाही. अमेरिकेत मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी २ वर्षं काम करणाऱ्या नर्सचं ६० टक्के शिक्षणकर्ज सरकार फेडतं. आपल्याला एवढं का जमू नये?

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, जिवती. या तालुक्यांत जी नर्स, जो डॉक्टर, जो लॅब टेक्निशियन जितकी वर्षं राहील, तितक्या वर्षांचे हप्ते राज्य सरकारने थेट बँकेत भरावेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आमदारांनो, येत्या अधिवेशनात ही मागणी मांडा.