प्रियाचं माहेरपण

कराडजवळच्या आमच्या मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी देण्याची योजना झाली, तेव्हा तिची चर्चा राज्यभर झाली. माझ्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरलाही चोवीस तास पेट्रोल असतं, त्याची चर्चा मात्र फक्त आमच्या घरात होते. पाण्याला मीटर आहे, माझ्या गळतीला नाही, एवढाच काय तो फरक. मीटर असता तर सौभाग्यवतींनी रोज सकाळी चहाबरोबर त्याचं रीडिंग वाचून दाखवलं असतं.

गळतीचं कारण साधं आहे. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो, त्याला एक सुई असते. सुई झिजली की पेट्रोल थांबायचं तिथं थांबत नाही. म्हणून गाडी उभी केली की सीटखालचा कॉक बंद करायचा, हा या स्कूटरच्या संसाराचा पहिला नियम. माझ्या सासऱ्यांनी तो वर्षानुवर्षं पाळला. स्कूटर माझ्या हवाली करताना त्यांनी तो तीनतीनदा बजावला. मी मान डोलावत होतो, पण लक्ष होतं हेडलाइटच्या गोल चेहऱ्याकडे.

ही स्कूटर ढेबेवाडीच्या बाजूला त्यांच्या गोठ्यात कडब्याआड उभी होती. मी नुसतं "छान आहे हो" म्हणालो. सासरे लगेच म्हणाले, "न्या की मग जावईबापू. जागा तरी मोकळी हुईल." लग्नात एवढ्या उत्साहानं त्यांनी मला काही दिल्याचं आठवत नाही, मुलगीसुद्धा. तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण मी चाक फिरवून पाहिलं, किकवर पाय ठेवला, आणि खालून जो 'खर्रर्र' आवाज आला त्याला मी संमती समजलो.

स्कूटरचं नाव प्रिया. हे नाव मी ठेवलेलं नाही, ते कंपनीनंच दिलंय. हा खुलासा घरी बऱ्याचदा करून झाला आहे. आजच्या पोरांना प्रिया म्हणजे काय हे सांगावं लागतं. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स नावाची कंपनी काढली. कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत. तिथं ही प्रिया बनायची. पुण्याच्या आकुर्डीत चेतक आणि आमच्या साताऱ्यात प्रिया. म्हणजे ही बाई आमच्याच जिल्ह्यातली. त्या काळी स्कूटर मिळणं सोपं नव्हतं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, नाहीतर 'ऑन' देऊन दुसऱ्याची घ्यायची. सासऱ्यांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं, आणि गाडी आली तेव्हा माझी बायको पाटी घेऊन शाळेत जायला लागली होती. हे ते अभिमानानं सांगतात.

घराणं मात्र थेट इटलीचं. १९४६ साली पियाजिओ कंपनीची व्हेस्पा आली, ती कोरादिनो दास्कानिओ नावाच्या इंजिनिअरनं काढली. हा मूळचा विमानं-हेलिकॉप्टरवाला. त्याला मोटारसायकल मुळीच आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पाय टाकून बसावं लागतं, पंक्चर झालं की चाक निघता निघत नाही. म्हणून त्यानं साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला नेऊन बसवलं, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. बजाजचा पियाजिओशी करार १९७१ साली संपला, चेतक १९७२ साली आली, पण सांगाडा आणि इंजिन त्याच वळणाचं राहिलं. उजवीकडे इंजिनाचं वजन असल्यामुळे ही स्कूटर जरा उजवीकडे झुकते. साडी नेसून दोन्ही पाय डावीकडे सोडून बसणारी भारतीय पत्नी मागे असली की तोल बरोबर साधतो. दास्कानिओला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण आमच्याकडे तो सुधारित वापर पिढ्यान् पिढ्या चालला.

मला मोहात पाडलं ते इंजिनानं. टू-स्ट्रोक. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन खाली-वर होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं स्वतःच उघडतो आणि मिटतो. त्यातूनच ताजा माल वर चढतो आणि जळका धूर बाहेर पडतो. फोर-स्ट्रोकचा पिस्टन चार हेलपाटे घालतो तेव्हा एकदा जाळ होतो, इथं दर दोन हेलपाट्यांना. हलणारे भाग इतके कमी, की रविवारी अंगणात पोतं अंथरून सगळं इंजिन खोलता येतं. लावता येतं की नाही, हा वेगळा विषय.

आणि तोटे? ते याच साधेपणातून निघतात. ताजा माल आत शिरताना धुराची वाटही उघडीच असते, त्यामुळे त्यातला बराच न जळताच सायलेन्सरमधून पसार होतो. म्हणजे आपण विकत घेतलेलं पेट्रोल रस्त्याला फुकट पाजतो. इंजिनाला वंगण देणारं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, तेही जळतं, म्हणून तो निळा धूर आणि तो वास. प्रदूषणाचे नियम आवळत गेले आणि टू-स्ट्रोक स्कूटरी रस्त्यावरून गेल्या त्या याच दोन गुणांपायी. आणखी एक खास सोय सांगतो. माझ्या गाडीचा दिवा मॅग्नेटोवर चालतो. इंजिन जोरात तर उजेड जोरात, इंजिन मंद तर काजवा. रात्री पुढं खड्डा आहे का हे नीट दिसायला हवं असेल, तर त्याच्या दिशेनं वेग वाढवावा लागतो.

पुनर्नोंदणी, हरित कर, विमा, सगळं रीतसर केलं. 'विंटेज' म्हणवून घ्यायची हौस तेवढी राहिली. २०२१ साली केंद्रानं नियम केला: गाडी ५० वर्षांहून जुनी असली तरच विंटेज, मग तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी. आमची प्रिया त्या वयाची नाही. नियम वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बसता यात. गाडी नाही बसत."

तर अशा या प्रियाला माहेरी न्यायचं मी ठरवलं. मलकापूर ते सातारा, पन्नासेक किलोमीटर. एमआयडीसीत, जिथं ती जन्मली त्या कारखान्यासमोर तिला उभी करून फोटो काढायचा. हे मी दहा जणांना सांगितलं, त्यातल्या कुणीही "कशाला?" म्हटलं नाही, यावरून माझ्या मित्रमंडळींची पारख व्हावी. संक्रांत नुकतीच झाली होती. मेव्हणीकडे साताऱ्यात हळदीकुंकू होतं. सौ.ची पैठणी आणि माझी प्रिया एकाच दिवशी बाहेर निघाल्या.

आदल्या रात्री मी प्रेमानं तेल घातलं. कराडच्या आमच्या मिस्त्रींचं प्रमाण लिटरला वीस मिली. पण लांबचा पल्ला, वयस्कर इंजिन, शिवाय बाटलीत थोडंच उरत होतं, ते कशाला ठेवा म्हणून सगळं ओतलं. आणि त्या आनंदात कॉक उघडा राहिला.

सकाळी अंगणात फरशीवर इंद्रधनुष्य होतं.

ढेबेवाडी फाट्यावर गाडी बंद पडली. फाट्यावर वडापच्या जीपा उभ्या असतात आणि जीप भरेपर्यंत त्यांच्या ड्रायव्हरांना दुसरा उद्योग नसतो. टू-स्ट्रोकचं हेच तर आहे. चारचाकी बंद पडली तर लोक बाजूनं जातात. प्रिया बंद पडली की जो तो हातातलं काम टाकून येतो. कारण हे इंजिन प्रत्येकाला कळतं. ज्याला कळत नाही त्याच्या चुलत्याकडे ती होती.

"पावनं, आडवी करा."

मी आडवी केली. पेट्रोलचा ओघळ माझ्या बुटात गेला.

"आता उभी करून कॉक बंद करा, ॲक्सिलेटर फुल ठिवा आन् मारा किक."

मी मारली. किकनं उलटा झटका दिला आणि माझी नडगी कळवळली. एका आजोबांनी काठी टेकवत पुढं येऊन विचारलं, "प्लग बघितला का?" प्लग काढला. टोकावर काळ्या ओल्या काजळीचा थर, दोन टोकांमध्ये ठिणगीला वाटच नाही. चहाच्या गाड्यावरून पॉलिश पेपर आला. चहाच्या गाड्यावर पॉलिश पेपर का असावा, असं कुणाला वाटलं नाही. त्याच्याकडेही प्रिया होती म्हणे.

घासलेला प्लग बसवला आणि दुसऱ्या किकला ती लागली. जो धूर निघाला त्यात अख्खी पैठणी दिसेनाशी झाली. धुरातून फक्त आवाज आला, "अहो, एसटीनं जाऊ या का?"

"आवो काकू, गाडी एक नंबर हाय," वडापवाल्यानं माझी बाजू घेतली. मग माझ्याकडे वळून, "तेल लई पडलंय. पुढं पंपावर नुसतं पेट्रोल टाका, आपोआप पातळ हुतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. चौघांचं एकमत झालं की मला शंका घेता येत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्येही माझं असंच होतं.

सल्ला चुकीचा नव्हता. टाकी अर्धी असती तर. पण रात्रभराची गळती आणि सकाळची आडवी-उभी यांत टाकी केव्हाच रिकामी होत आली होती. उंब्रजला गाडी रिझर्व्हवर गेली, आणि मी पंपावर ताठ मानेनं म्हणालो, "नुसतं पेट्रोल." पंपावरच्या पोरानं प्रियाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तेल?" मी हसून हात केला. ते हसणं मला अजून आठवतं.

पुढं काही वेळ ती अशी पळाली म्हणून सांगू! धूर नाही, अडखळणं नाही, आवाज कसा मोकळा. मी मागं वळून ओरडलो, "बघ, याला म्हणतात इंजिन!" काशीळच्या अलीकडे तो आवाज आधी बारीक झाला, मग टणक झाला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. जुने लोक क्लचवर दोन बोटं ठेवूनच का चालवायचे, ते मला त्या क्षणी समजलं. क्लच दाबला म्हणून कडेला तरी आलो. वंगण नसलेला पिस्टन तापून फुगला होता आणि सिलिंडरला चिकटला होता.

हवा लागावी म्हणून मी उजवीकडचं इंजिनावरचं झाकण काढलं. ते इतकं तापलं होतं की रुमालात धरून सर्व्हिस रोडच्या कडेला ठेवावं लागलं. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून आला. ड्रायव्हरनं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं, हात हलवला, आणि त्या नादात दोन्ही ट्रॉल्या झाकणावरून गेल्या. राहिला तो पत्रा भाकरी थापावी तसा गोल आणि सपाट.

सौ.नी पदर सावरला, समोरून येणाऱ्या एसटीला हात केला, आणि एसटी थांबली. माझ्या हाताला ती कधी थांबल्याचं स्मरत नाही.

मी आणि प्रिया आल्याची पोती भरलेल्या छोटा हत्तीतून परत फिरलो. प्रिया पोत्यांवर आडवी, मी तिला धरून बसलेलो. उंब्रज मागं पडलं तेव्हा फोन आला.

"मी पोचले. तुम्ही कुठवर?"

"उंब्रजजवळ."

"अजून?"

"हो, पण आता उलट दिशेनं."

पलीकडे सगळ्या बायका एकदम हसल्या, म्हणजे फोन स्पीकरवर होता.

कराडला मिस्त्रींनी हेड काढलं, सिलिंडर ओढला आणि पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवला. राखाडी ॲल्युमिनियमच्या त्या गोळ्यावर एका बाजूला उभे ओरखडे होते. नख फिरवलं तर अडकत होतं. वरची रिंग खाचेत रुतून बसली होती आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर पिस्टनचीच वितळलेली चंदेरी पुसट लकेर. मिस्त्रींनी ती मला बोट धरून दाखवली. "बोअर मारावा लागंल. पुढच्या साइझचा पिस्टन टाकू." मग जरा थांबून, "नुसतं पेट्रोल कुणी टाकलं?" मी प्रदूषण, पर्यावरण, असं काहीतरी पुटपुटलो.

शेजाऱ्यांनी अलीकडे नवी चेतक घेतली. विजेवरची, २०२० साली आलेली. आवाज नाही, वास नाही, आडवी करावी लागत नाही. मागच्या महिन्यात तिच्या पडद्यावर कसलीशी खूण लागली. ते तिच्याभोवती दोनदा फिरले आणि हताश होऊन फोन लावत बसले. कुणी थांबलं नाही, कुणी चहा सोडून आलं नाही. माझ्या प्रियाचं काय मोडलं ते मी नखानं चाचपून पाहिलंय, आणि ढेबेवाडी फाट्यावरचे निम्मे लोक अजून मला विचारतात, "काय पावनं, बोअर बसला का?" शंभर दोष मान्य करूनही मला हेच इंजिन बरं वाटतं. रोज कामावर जायला मात्र मी बायकोची ॲक्टिव्हा मागतो.

बोअर बसला आहे, गाडी सुरू आहे, लिटरला वीस मिली तेल मी सिरिंजनं मोजून घालतो. अडलंय ते फक्त झाकणापाशी. तेव्हा सातारा-सांगली भागात कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये प्रियाचं उजवीकडचं झाकण पडून असेल, तर कृपया सांगा. गंज चालेल, पोचा चालेल, रंग कुठलाही चालेल. निरोप मात्र सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळातच द्यावा. तेव्हा बायको शाळेत शिकवायला गेलेली असते.