बांधावरचा मालक

निफाड तालुक्यात सातबारा ज्याच्या नावावर तो मालक, ही समजूत डिसेंबरपर्यंतच टिकते. उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली, की वावर मजुरांच्या टोळीच्या मुकादम मावशींचं होतं आणि उतारा कपाटात पडून राहतो.

मावशींना गाठणं हीच पहिली मशागत. त्याच दिवसांत द्राक्षवाल्यांना विरळणीला आणि डिपिंगला बायका हव्या असतात, आणि द्राक्षवाल्याचं पाकीट कांदेवाल्यापेक्षा जाड. म्हणून फोनवर आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची, मग नातवाची, आणि मग हळूच वावराचा विषय काढायचा. "बघते भाऊ, पण कबूल नाही करत," असं उत्तर आलं तर काम झालं समजा. "येते ना, उद्याच येते," म्हणाल्या तर दुसरी टोळी शोधायला लागा.

दर उक्ता, एकरावर ठरतो. घासाघीस मी करतो, असं घरी सांगतो. प्रत्यक्षात मावशी आकडा सांगतात, मी "अहो मावशी!" म्हणतो आणि त्या तोच आकडा पुन्हा सांगतात. पिकअपचं भाडं वेगळं.

१५ बाय १० सेंटिमीटरवर रोप लावा, असं कृषी खात्याची पुस्तिका सांगते. म्हणजे एकराला २ लाख ७० हजारांच्या आसपास रोपं, आणि त्यातलं प्रत्येक कुणाच्या तरी अंगठ्यानं चिखलात दाबलेलं. मी पट्टी घेऊन वाफ्यात उतरलो. मावशी कंबर सरळ न करताच म्हणाल्या, "भाऊ, शाळा लवकर सुटली का आज?" टोळी हसली. तरी त्यांच्या लावणीवर मी पट्टी ठेवलीच. पट्टी बरोबर निघाली.

लागवडीला वाफा भिजलेला लागतो आणि शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लागवडीचा मुहूर्त रात्रपाळीच्या आठवड्यातच का निघतो, हे महावितरण जाणे. तेव्हा कडाक्याच्या थंडीत, बिबट्याचा कानोसा घेत, बॅटरी तोंडात धरून बारे देतो तो मालक. आणि सकाळी ऊन अंगावर घेत येऊन "पाणी जास्तच झालं," म्हणते ती मजूर.

काढणीला तर मला बांधाच्या आत यायलाही निमित्त लागतं. निम्म्याहून जास्त माना पडल्या की कांदा उपटायचा आणि ओळीनं असा पसरायचा, की एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यावर यावी. उन्हाचा चटका लागत नाही. प्रशिक्षणात हे आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं होतं. आमच्या वावरात ते जावेच्या भावाच्या लग्नातल्या मानपानावर चर्चा करता करता होतं, आणि चर्चा वावराच्या आधी संपत नाही.

मग दोन बोटं मान ठेवून पात कापायची आणि निवड करायची. गोल्टी वेगळी, जोड वेगळा, डेंगळा वेगळा. जोड कांदा दिसायला टपोरा असतो. मी एखादा हळूच कांदाचाळीत साठवायच्या ढिगात सरकवतो आणि मावशी पाठमोऱ्या बसूनही तो बाहेर फेकतात. "हा सडतो आणि शेजारच्या चार जणांना घेऊन जातो, भाऊ." हे त्या कांद्याबद्दल बोलतात, असं मी धरून चालतो.

मध्येच एप्रिलचं आभाळ भरून येतं. हवामानाचं ॲप माझ्याकडे आहे तसं मावशींकडेही आहे. ते पाहून त्या कामाचा क्रम बदलतात, मी चेहऱ्याचा रंग. ताडपत्री शोधायला मात्र मलाच धाडतात.

चाळ भरली की चार-पाच महिने भावाची वाट पाहायची. लासलगावच्या बाजारात तेव्हा काय निघेल, ते ना मला ठाऊक ना मावशींना. पण उक्त्याचा हिशेब काढणीच्याच संध्याकाळी, रोख, त्यांच्या हातात मोजून द्यायचा असतो. तेवढं एक काम अजून मालकाकडे आहे, आणि ती रक्कमही त्या दोनदा मोजून घेतात.