बोनेटखालची अब्रू

इंजिन चकचकीत असावं असं गाडीला कधीच वाटत नाही. ते मला वाटतं. धुळीने माखलेल्या इंजिनावरही ती आरमोरीला तेवढ्याच वेळात पोचते. पण उद्या भररस्त्यात बंद पडली, चार लोक जमले आणि बोनेट वर गेलं, तर आतली टापटीप बघून निदान एकाने तरी ‘गाडी कोणाची हो?’ असं आदराने विचारावं, एवढीच माझी अपेक्षा. गाडी बंद पडल्याचं दुःख मी सोसायला तयार आहे.

त्यातून माझी सफाई निसर्गाला धक्का न लावणारी. हे गल्लीला कळावं म्हणून गाडी अंगणात न धुता बाहेर काढतो. वेळ सकाळची, म्हणजे इंजिन गार आणि रहदारी भरपूर. फ्यूजच्या डब्याला आणि अल्टरनेटरला प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. मग कोरडा ब्रश. काचेखालच्या पन्हळीत कडुलिंबाचा पाला कुजलेला असतो आणि बाकी सगळीकडे राइस मिलचा कोंडा. जिथे धान तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे वायरी कुरतडलेल्या. बोनेटखाली तंबाखूची पुडी टांगा, उंदीर फिरकत नाहीत, असं सगळे सांगतात. पण या जिल्ह्यात माणसांची तंबाखू सुटावी म्हणून ‘मुक्तिपथ’वाले गावोगाव जीव तोडतात, उंदरांना खर्रा लावायचं पाप मी कुठे फेडू?

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते, ती मात्र बघण्यासारखी. त्यावर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावला की चुरचुरत फेस उसळतो आणि आम्ल मरतं. हा प्रयोग मी प्रेक्षक असल्याशिवाय करत नाही.

आता यात दोष माझा नाही, गावाचा आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे या धानाच्या मुलखातल्या, नाटक मंडळ्यांचं बिऱ्हाडच मुळी आमच्या वडशात. दिवाळी झाली, धान घरात आलं, की कुठे मंडईची जत्रा, कुठे शंकरपटाची बैलशर्यत, आणि रात्री नाटक हवंच. संध्याकाळी इथून गाड्या सुटतात : पडदे, ऑर्गन, तबला आणि रंग लावायचे राहिलेले चेहरे. रात्री पडदा वर जातो तो पहाट करूनच खाली येतो. पुण्याच्या प्रेक्षकाला शेवटची बस दिसत असते. आमचा प्रेक्षक तणसावर बसून, गोधडीत गुरफटून नायिकेबरोबर रीतसर रडतो आणि लावणीला तितक्याच मनापासून ताजा होतो. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना झाडीपट्टी सापडली. आमच्याकडून ती हरवलीच नव्हती. आमच्या गल्लीतला एक खलनायक पहाटे परततो. मिशी पुसलेली, भुवया तशाच. नऊ वाजता त्याच भुवयांनी तो भाजीवालीशी कोथिंबिरीवरून घासाघीस करतो आणि ती बापडी घाबरून जुडी जास्त देते. त्याच्या गाडीचं बोनेट मात्र वर्षानुवर्षं कुणी पुसलेलं नाही. त्याला खरा रंगमंच आहे ना! मला तालमीच्या खोलीत नुसतं ‘आवाज बरा आहे’ म्हणून चहा पाजून घरी पाठवलं होतं. तेव्हापासून मी बोनेट उघडतो.

तर, डिझेलचा फवारा नाही, पाइपची धार नाही. रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी, त्यात बुडवून पिळलेली जुनी बनियन, बस. हे सगळं मी जाळं खांद्यावर टाकून निघालेल्या एका म्हाताऱ्या ढिवरबाबाला रंगवून सांगितलं.

“रिठे?” तो थांबला. “त्यानं तं मासोऱ्या मरतेत ना जी, गुरुजी.”

खरंच मरतात. रिठ्याच्या फेसातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना बाधतं. तळ्यात नवं बीज सोडण्याआधी नको ते मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, तीही त्याच गुणामुळे. झाडावरून आलं म्हणून ते नदीचं नातलग होत नाही. आणि रिठ्याने सुटलेलं काळं ऑइल तर शेवटी ऑइलच राहतं.

म्हाताऱ्याने हे कुरकुरत नव्हे, सहज सांगितलं, म्हणून जास्त लागलं. गाड्या धुवायच्या ठिकाणी डिझेल मारून, वर पाण्याचा जोरदार फवारा सोडून इंजिनं उजळतात आणि ते इंद्रधनुषी पाणी सरळ नालीत जातं. नाली नाल्याला, नाला वैनगंगेला. शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याहून निघून, गोसीखुर्दचं धरण पार करून ती इथवर येते; आम्ही तिला काय देतो, तर आमच्या इंजिनांची अंघोळ. पुलावरून ब्रह्मपुरीला जाताना तिला नाणं टाकून हात जोडणारे, त्यात मीही, आणि फवाऱ्यापुढे रांग लावणारे काही निराळे लोक नाहीत. त्या फवाऱ्याखाली दिवसभर उभ्या पोरांचे हात बघितलेत? डिझेलने भेगाळलेले. संध्याकाळी ती पोरं भुसा आणि कपड्यांची पावडर चोळून हात धुतात, तरी नखांच्या कडा काळ्याच. त्यांना कुणी हातमोजे देत नाही. गिऱ्हाइकाला चकचकीत बोनेट हवं असतं. म्हणजे मला.

आता पद्धत बदलली. आधी कोरडा भुसा चोळून तेल टिपायचं, मग पुसायचं. उरलेलं रिठ्याचं पाणी नालीत नाही, आंब्याच्या बुडाशी. राहता राहिला तेलकट भुसा आणि चिंध्या. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, म्हणून ते सगळं मी एका डब्यात भरून जिन्याखाली ठेवलंय.

“हे कोण नेणार?” बायकोने विचारलं.

“नियमात सगळं दिलंय,” मी म्हणालो.

“मग नियमांना सांगा, नेताना डबा तेवढा परत द्या म्हणावं. माझ्या लोणच्याचा आहे.”