कंसातलं गाव

आमच्या गावाचं नाव सरकारी कागदावर बोरगाव (मेघे) असं लिहितात. वर्ध्याला खेटून सावंगी, सिंदी, बोरगाव अशी मेघे मंडळी नांदतात, आणि महाराष्ट्रात बोरगावांना तोटा नाही. तेव्हा नेमकं कुठलं बोरगाव, हे सांगायला कंस हवाच. त्या कंसानं कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. मग नोकरभरतीचे अर्ज ऑनलाइन झाले. पत्त्यात कंस टाकला की लाल अक्षरं उमटतात: विशेष चिन्हे चालणार नाहीत. कंस काढला की पत्ता रहिवासी दाखल्याशी जुळत नाही. पुढचा प्रश्न त्याहून अवघड: शहरी की ग्रामीण? जनगणनेत आम्ही शहर, घरपट्टीची पावती मात्र ग्रामपंचायत फाडते. उमेदवार दोन्हींवर बोट ठेवायला तयार असतो, पण संगणक एकच घेतो.

माझ्या भाच्याचं इथं ऑनलाइन सेंटर आहे. तो अर्ज भरतो, मी शेजारी बसून चुका काढतो. उभी नोकरी लेखा शाखेत गेल्यामुळे दुसऱ्याची चूक मला कागद उलटा धरूनही दिसते.

सगळ्यात जुनं दुखणं नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पुढे, आधारवर मागे. तिथं वानखडे, इथं वानखेडे. मी विचारतो, "भाऊ, तुमचं खरं आडनाव कोणतं?"

"जे चालंल थे टाका जी."

आडनावाबद्दल इतकी उदार माणसं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारू नका. दहावी माहेरची, आधार सासरचं, आणि जातीचा दाखला कायम माहेरचाच. नवरा दाराशी गाडी चालू ठेवून उभा, कारण त्याच्या मते हे पाच मिनिटांचं काम.

मग फोटो, सही आणि अंगठा. आयबीपीएसच्या अर्जात सही 140 बाय 60 पिक्सेलमध्ये मावायला हवी, वजन 10 ते 20 केबी, शिवाय इंग्रजी मोठ्या अक्षरांतली चालत नाही. 2023 च्या जिल्हा परिषद भरतीचं काम याच संस्थेकडे होतं, त्यामुळे त्या दिवसांत आमच्या स्टॅम्पपॅडला उसंत नव्हती. अंगठाबहाद्दर म्हणवून घ्यायला नको म्हणून आजोबांनी पोराला शाळेत घातलं, नातू एम.ए. झाला आणि डावा अंगठा शाईत बुडवून रांगेत उभा राहिला.

पण खरी बहार समांतर आरक्षणाच्या रकान्यांत. त्याच वर्षीची तलाठी भरती घ्या. राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज, खुल्या गटाला शुल्क 1000 रुपये. एवढे पैसे मोजल्यावर एखादा रकाना 'नाही' म्हणून सोडून देणं पोरांच्या जिवावर येतं. एकानं भूकंपग्रस्तापुढे 'होय' केलं होतं.

"तू काहून भूकंपग्रस्त?"

"काकाजी, दोन टक्के जागा हायेत ना."

"अरे, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, तोही लातूर जिल्ह्यात. तुझा जन्म 2001 चा."

"आमच्या बाबाले हादरा बसला असंन ना जी."

बाबा बाकावरच बसले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली; ती होकारार्थी की नकारार्थी, ते मला अजून कळलेलं नाही. दुसरी एक ताई 'अंशकालीन' होती, कारण ती संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात बसायची. सरकारी कचेरीत मानधनावर तीन वर्षं काढलेल्या पदवीधरांसाठी तो रकाना असतो, हे ऐकल्यावर तिनं मला विचारलं, "मग तसं लिहीत काहून नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेखा शाखेत आम्हीही तसं कधी लिहिलं नव्हतं.

चुका दुरुस्त करायला आता खिडकी उघडते. कर्मचारी निवड आयोगाचा हिशेब मला फार आवडतो: अर्जाचे 100 रुपये, पहिल्या दुरुस्तीचे 200, दुसरीचे 500. अर्जाच्या शुल्कात महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना माफी आहे. दुरुस्तीचे पैसे मात्र सरसकट सगळ्यांना. चुकांमध्ये आरक्षण नाही.

खिडकी उघडली की अर्धं बोरगाव आमच्याकडे. दुरुस्त करायला काही नसलं तरी पोरं येतात, उघडीच आहे म्हणून. परीक्षेचं केंद्र नागपूरचं अमरावती करतात, रात्री मित्राला फोन लावतात, सकाळी पुन्हा नागपूर करायला हजर. वर 500 रुपये सांगितले की माझ्याकडे असं बघतात, जणू आयोग मीच चालवतो.

रेल्वेची तऱ्हा वेगळी. तिथं दुरुस्तीला 250 रुपये पडतात, पण खातं उघडताना दिलेली माहिती, मोबाइल आणि ईमेल धरून, अजिबात बदलता येत नाही. परवा एक शांत, सज्जन पोरगा आला. स्टेशन मास्तरच्या जागेसाठी अर्ज केलेला. नाव, जन्मतारीख, फोटो, सगळं बिनचूक. मला काढायला चूकच मिळेना.

"मग काय बदलायचं?"

त्यानं मान खाली घालून पडद्याकडे बोट दाखवलं. खातं त्यानं आठवीत काढलेल्या ईमेलवरून उघडलं होतं. आता हॉलतिकिटाची सूचना, निकाल, आणि देवाच्या मनात असलं तर पुढचं सगळं, भारतीय रेल्वे 'किलरबॉय वर्धा' यांनाच पाठवणार आहे.