आत्ता गेली!

उल्कावेडा वळसंगसारख्या सपाट मुलखातच निपजतो. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावाबाहेर तुरीच्या रानात बाज टाकली, की डिसेंबरातलं अख्खं आभाळ अंगावर येतं. पण फुकटचं आभाळ त्याला पचत नाही. १३ डिसेंबरच्या रात्रीसाठी तो दरवर्षी पाच-सहा जणांना कळसूबाईला नेतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, म्हणजे आकाशाच्या जवळ! उल्का पेटतात साधारण शंभर किलोमीटरवर. वळसंगहून एवढी यातायात करून त्यातलं जेमतेम सव्वा किलोमीटर वाचतं, हा हिशेब मांडणारे पुढच्या वर्षीच्या यादीतून गळतात.

त्याच्या सॅकमध्ये कडक भाकरी, शेंगाचटणी, छोटा गॅस, टॉर्चला लावायला लाल जिलेटिनचा कागद आणि स्लीपिंग बॅगऐवजी सोलापुरी चादर असते. बारी गावातून निघाल्यावर लोखंडी शिड्यांशी, लोकांना बोलायला दम उरत नाही नेमका तेव्हा, तो व्याख्यान सुरू करतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, पण मिथुन राशीतला हा वर्षाव १९८३ साली सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहाचा. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. (चढणाऱ्यांचा वेग तो काढत नाही, हे उपकार.)

माथ्यावर पोचल्यावर त्याचा मूळ स्वभाव उघडा पडतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्याला लागत नाहीत. बाकीचे अजून बूट सोडत असतात, तोच तो ओरडतो, "आत्ता गेली!" सगळ्यांच्या माना पूर्वेला वळतात. "तिकडं नव्हं, इकडं की हो! गेली बघा." कुणी नाक पुसलं, गेली. कुणी मोबाइल उघडला, तर दोन गेल्या, वर उजेड केल्याबद्दल शिव्या. त्याच्या वहीत रात्री अकरापर्यंत एकेचाळीस रेघा असतात, बाकी सगळ्यांच्या मिळून चार. मंदिराच्या आडोशाला झोपलेल्यालाही तो हलवून उठवतो आणि सांगतो, "गेली."

मध्यरात्र उलटते, मिथुन डोक्यावर येते आणि उल्का खरोखरच वाढतात. वाराही वाढतो. दात वाजू लागतात, तेव्हा काही न बोलता तो उठतो, अंगावरची चादर गॅसभोवती आडोशाला धरतो आणि सगळ्यांकडे पाठ करून चहा ठेवतो. पाच काड्या विझतात. सहावी पेटते न पेटते, तोच एखाद्या वर्षी मोठी पडते: हिरवट, लांबलचक, दगडांच्या सावल्या पाडणारी. सगळे एकदम ओरडतात, "गेली!"

तो वळेपर्यंत आभाळ पुन्हा काळं झालेलं असतं.

"बघितली ना?" कुणीतरी विचारतं.

"बघितली की," असं म्हणून तो सॅकमध्ये गाळणी शोधू लागतो. त्या उल्केची रेघ मात्र वहीत नसते.