आवराआवरी

मेंदूचा विषय निघाला की कौतुक चेतापेशींचं. बुद्धी त्यांची, स्मरणशक्ती त्यांची. समोर उभ्या पाहुण्याचं नाव ऐन वेळी न आठवल्याचा ठपकाही त्यांच्यावरच. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज आहेत. साधारण तेवढ्याच दुसऱ्या पेशी त्यांच्याभोवती नांदतात, हे मात्र कुणाच्या गावीही नसतं. या ग्लिया पेशी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखोला हा सगळा चेतापेशींना जागेवर धरून ठेवणारा भराव वाटला. पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडे भराव म्हणूनच पाहिलं गेलं.

खरं काम चालतं ते दोन चेतापेशींमधल्या फटीत. ही फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. निरोप द्यायचा तर अलीकडची पेशी तिच्यात रसायन सोडते. पलीकडच्या पेशीला चेतवणाऱ्या निरोपांसाठी ते बहुधा ग्लूटामेट असतं. जपानच्या किकुनाए इकेडांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्याची चव शोधता शोधता जे गाठलं आणि आज नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर जे सढळ हाताने पडतं, तेच हे. यावरून कुणी शेजवान राइसला बुद्धिवर्धक ठरवू नये. रक्तातल्या ग्लूटामेटला मेंदू सहसा दारात उभं करत नाही. स्वतःपुरतं तो घरीच बनवतो.

निरोप पोचतो क्षणार्धात. पंचाईत त्यानंतरची. ॲसिटिलकोलीनसारखा निरोप्या फटीतच फोडून टाकायला तिथं विकर हजर असतं. ग्लूटामेटची तशी सोय नाही. ते रेंगाळलं, तर पलीकडची पेशी तोच निरोप घेत राहते, चेतत राहते आणि अतीच झालं तर त्या चेतण्यानेच मरते. पक्षाघातात मेंदूची जी हानी होते, तिच्यात याचाही हात असतो.

इथे पुढे होतात त्या ताऱ्यासारख्या फांद्यांच्या ग्लिया पेशी, ॲस्ट्रोसाइट. माणसाच्या मेंदूत अशा एकेका पेशीच्या कक्षेत लाखो जोडण्या येतात. लग्नाच्या पंगतीत वाहवा होते ती जिलबीची आणि आचाऱ्याची. पण उष्टी ताटं उचलणारे नसतील तर दुसरी पंगत बसणारच नाही. ॲस्ट्रोसाइट ताटं नुसती उचलत नाहीत, घासूनही देतात. फटीतून आत ओढून घेतलेल्या ग्लूटामेटला अमोनिया जोडून त्या त्याचं ग्लूटामिन करतात. ग्लूटामिन कुणालाच चेतवत नाही, त्यामुळे ते बिनधोक चेतापेशीकडे परत जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लूटामेट होतं.

हे फुकटात होत नाही. एक ग्लूटामेट आत घ्यायचं, तर सोबत तीन सोडियम आणि एक हायड्रोजन आयन आत येतात, एक पोटॅशियम बाहेर जातो. आत शिरलेलं सोडियम परत हाकलायला ऊर्जा लागते. मेंदूतली शांतता अशी विकत घेतलेली असते, तीही दर निरोपागणिक.

अशा साफसफाईची अटकळ इटलीच्या अर्नेस्तो लुगारोने १९०७ सालीच बांधली होती. तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आवरणाऱ्यांच्या नशिबी हे आलंच.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. एवढी झाडलोट होऊनही आपल्याला गोष्टी आठवतात, कारण आठवण त्या फटीतल्या रसायनात साठलेली नसते. निरोपाने जोडणीत जो बदल होतो, त्यात ती मुरते. लक्षात ठेवणं वेगळं आणि तेच ते वाजत ठेवणं वेगळं, हा फरक मेंदूला पेशींच्या पातळीवर पक्का ठाऊक आहे. मागच्या दिवाळीत कोण काय बोललं ते जिभेवर घोळवत बसायचा उद्योग आपला. त्याचं खापर निदान ॲस्ट्रोसाइटवर फोडता येणार नाही.